चार गावांचा साहेब

अल हैलच्या लोकांनी हमरियाच्या लोकांना फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गोड गोड आठवणी सांगत मी तुम्हाला भलतीकडे नेतो आहे असं पुढे कोणाला वाटायला नको.

इथल्या आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष पाटणकर यांचा निरोप आला की यंदाच्या स्मरणिकेसाठी ओमानमधल्या एखाद्या लक्षात राहिलेल्या माणसावर लिहा, जरा हलकंफुलकं असू द्या. माणूस मी निवडला आहे. हलकंफुलकं होईल याची हमी देत नाही. मस्कतच्या हमरिया भागात माझं एसी दुरुस्तीचं दुकान आहे. हातात पाना घेऊन आलो होतो, आज माझ्या नावाच्या व्हॅन फिरतात. कोणाच्या मेहरबानीने झालेलं नाही, एकेका गिऱ्हाइकाशी घासाघीस करून झालं आहे. पण आता थकलो. उन्हाळाभर लोकांच्या गच्च्यांवर चढून खाली आलो की भांडायलाही जीव उरत नाही. तरी हे एक भांडण अंगावर घेऊन बसलो आहे, आणि ते कसं भांडायचं हे ज्याने शिकवलं, त्याच्याबद्दल लिहितो.

साहेब स्कॉटलंडचे. रस्त्यांच्या मोजणीसाठी तरुणपणी ओमानला आले आणि इथेच म्हातारे झाले. मस्कतमध्येच, अल हैल भागात, समुद्राच्या बाजूला त्यांचा एक जुना बंगला होता. बायको नाही, मुलंबाळं नाहीत. घरात एसी सगळ्यात खालच्या आकड्यावर लावून, अंगात भोकं पडलेला लोकरी स्वेटर घालून, पायांवर शाल घेऊन बसायचे. बाहेर डांबर वितळतंय आणि आत साहेब हात चोळत चहा पितायत. "आमच्याकडची हवा," म्हणायचे. त्यांच्या या हवेपायी मशीन सारखं बंद पडायचं आणि माझी फेरी व्हायची.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी म्हटलं, कॉम्प्रेसर गेला. भाव सांगितला. माझी सवय अशी की समोरचा कमी करणार हे धरूनच मी बोलतो. साहेब म्हणाले, "भाव मान्य. कारण सांगा."

"कसलं कारण?"

"तो का गेला?"

मी सांगितलं. त्यावर पुन्हा का. त्याच्याही मागे पुन्हा का. मी स्क्रू ड्रायव्हर स्टुलावर आपटला. "साहेब, इंजिनियर तुम्ही का मी?"

"इंजिनियर तुम्हीच," साहेब शांतपणे म्हणाले. "मी मतदार आहे. मला उत्तर मिळालं पाहिजे."

आयुष्यात एवढ्या लोकांशी घासाघीस केली, पण भाव न पाडता कारणासाठी अडून बसलेला माणूस तो एकच. शेवटी खरं कारण सांगावं लागलं: कॉम्प्रेसर धडधाकट होता, गेलेली वस्तू साधी होती. तरी साहेबांनी मी आधी सांगितलेला पूर्ण भाव दिला आणि दारापर्यंत सोडायला आले. तेव्हापासून मला त्यांना खोटं सांगणं जमलं नाही. हा व्यवहार कोणाला फायद्याचा पडला, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

ते कोणालाही नावाने हाक मारत नसत. माझं दुकान हमरियात, म्हणून मी 'हमरियाचे सन्माननीय सदस्य'. त्यांच्या पार्लमेंटात एकमेकांना असंच म्हणतात म्हणे, माणसाच्या नावाने नाही, त्याच्या मतदारसंघाच्या नावाने. फोन उचलला की पलीकडून आवाज यायचा, "हमरियाचे सन्माननीय सदस्य सभागृहात उपस्थित आहेत का? बेडरूमचं मशीन पाणी गाळतंय." त्यांच्याबरोबर मोजणीखात्यात काम केलेला सालिम नावाचा ओमानी होता. तो निवृत्त होऊन गावी इब्राला खजुरांचं दुकान चालवत होता आणि आठवड्याच्या सुट्टीला साहेबांकडे यायचा. तो 'इब्राचे सन्माननीय सदस्य'. सालिम मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "भाई, इस आदमी के दिमाग में एक ही मुल्क है. और वो मुल्क है ही नहीं."

खरंच नव्हता. साहेबांचा मतदारसंघ केव्हाच नकाशावरून पुसला गेला होता. त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी.

त्याचा इतिहास मी इतक्या वेळा ऐकला आहे की झोपेत सांगेन. इंग्लंड आणि स्कॉटलंडची पार्लमेंट एक झाली तेव्हा स्कॉटलंडच्या वाट्याला जागा थोड्या आल्या. प्रत्येक लहान शहराला स्वतंत्र खासदार मिळणं शक्य नव्हतं. मग चार-पाच शहरं एकत्र बांधून त्यांना मिळून एक खासदार दिला. शहरं एकमेकांना लागून हवीत अशी अट नव्हती. मध्ये दुसऱ्यांची शेतं, खाडी, काहीही असो. साहेबांच्या गटात चार गावं होती, सगळी किनाऱ्यावर विखुरलेली. जेवणाच्या टेबलावर ती कायम मांडलेली असायची. चहाची किटली म्हणजे मोठं बंदराचं गाव. खजुराचा डबा म्हणजे विणकरांचं. सुकलेलं लिंबू म्हणजे कोळ्यांचं. आणि मिठाची बाटली म्हणजे साहेबांचं स्वतःचं गाव, कारण तिथे पूर्वी समुद्राचं पाणी उकळून मीठ काढत. जेवताना मीठ हवं असेल तर साहेबांची परवानगी घ्यावी लागे, आणि वापरून झालं की बाटली होती त्याच जागी ठेवावी लागे.

मी शिरोड्याचा. आमच्याकडेही मिठागरं आहेत. मी विचारलं, "उकळून कशाला? उन्हात ठेवायचं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "कुठलं ऊन?"

कोळसा जाळून मीठ करणारं गाव! मी इतका हसलो की त्यांनाही हसू फुटलं. मग म्हणाले, "म्हणजे हमरियाचे सदस्य मिठाच्या गावचे आहेत. सभागृहाने नोंद घ्यावी." सभागृहात मी, ते आणि त्यांचा श्रीलंकेचा स्वयंपाकी होतो. स्वयंपाक्याने मान डोलावून नोंद घेतली.

त्या गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण मला ते धड म्हणता कधी आलंच नाही. मध्ये घशातून काढायचा एक आवाज होता. सालिमने मात्र पहिल्याच वेळी अगदी बरोबर म्हटलं, अरबीत तो आवाज आहेच. साहेब उठून एसीजवळ गेले आणि पाठ करून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं मशीन पुन्हा गेलं.

आता महत्त्वाचा भाग. चार गावं, खासदार एक, मग तो ठरवायचा कसा? जुन्या काळी प्रत्येक गावची नगरपालिका आपला एक प्रतिनिधी पाठवायची. चौघे एका गावात बसून ठरवायचे. बैठक पाळीपाळीने एकेका गावात. आणि दोघे इकडे, दोघे तिकडे असं झालं, तर ज्या गावात बैठक त्याच्या प्रतिनिधीचं मत दोनदा धरायचं.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. नव्याने आलेल्या मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो, आपल्या मंडळाची पद्धत हीच होती. कोणी स्कॉटलंडहून आणली नव्हती, जुन्या लोकांनी आपल्या डोक्याने बसवली होती. गट चार: हमरिया, अल हैल, सोहार, इब्रा. प्रत्येक गटाचा एक माणूस समितीवर. मंडळाचा गणपती एकच, दीड दिवसाचा, दर वर्षी एका गटाकडे पाळीने. ज्याच्याकडे गणपती, त्याच्याकडे त्या वर्षीच्या बैठका, आणि बरोबरी झाली तर त्याचं मत दुप्पट.

मी हे सांगितलं तेव्हा साहेब खुर्चीतून उठले, शाल खाली पडली. "अजून चालू आहे?" मला म्हणाले. "आमच्याकडची गेली तिला दोनशे वर्षं होत आली. आणि ती इथे, मस्कतमध्ये, जिवंत आहे?"

त्यानंतर त्यांनी घरात तीच पद्धत लावली. सुट्टीच्या दिवशी जेवायला काय करायचं यावर मतदान. प्रतिनिधी चार: मी, सालिम, साहेब, स्वयंपाकी. एकदा मी आणि स्वयंपाकी सुरमईच्या बाजूने, साहेब आणि सालिम बकऱ्याच्या. पाळी इब्राची. सालिमने मिशीला पीळ दिला, "मेरा दो वोट. खलास," आणि आम्ही बकरा खाल्ला. पुढच्या आठवड्यात पाळी माझी होती. मी आधीच स्वयंपाक्याला गाठून पक्कं केलं होतं. सुरमई मागवली. सालिम म्हणाला, "ये हमरियावाला चोर है." साहेब खुशीत होते. म्हणाले, चोर नाही, राजकारणी आहे. फरक फक्त पाळीचा.

त्यांच्या गावाची पाळी कशी गेली ती गोष्ट ते हसत सांगत नसत. आजोबांकडून ऐकलेली, आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून. खरी किती हे देव जाणे. एका निवडणुकीला पाळी मिठाच्या गावाची होती. सभागृहाचं छप्पर गळत होतं. किटलीचं गाव, म्हणजे बंदरवाले, म्हणाले, "यंदापुरती बैठक आमच्याकडे घेऊ, आमचा हॉल मोठा आहे. मान तुमचाच. मेजवानीचा पहिला प्याला तुमच्या नगराध्यक्षांच्या नावाने उचलू." नगराध्यक्ष नवा कोट शिवून गेले. पहिला प्याला त्यांच्या नावाने उचलला गेला. मग मतं पडली, दोन-दोन. बंदरवाल्यांनी आपलं मत दोनदा मोजलं, बैठक त्यांच्या हॉलमध्ये होती ना. पुढे लोकांना स्वतःची मतं मिळाली, पाळीची पद्धतच गेली. पहिल्या महायुद्धानंतर तर गटच मोडला, चारही गावं आजूबाजूच्या जिल्ह्यात मिसळली.

"आधी पाळी गेली," साहेब म्हणायचे, "मग नाव गेलं. आणि आमच्या लोकांना अजून तो पहिला प्याला आठवतो. अभिमानाने सांगतात."

लंडनला मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखायला घेतल्या की साहेब इथून हरकत पाठवायचे. चार गावांचा जुना गट परत करावा अशी. तिकडून पोच यायची, आभारी आहोत म्हणून. मी एकदा वैतागून म्हटलं, "साहेब, तुम्ही जन्मभर वाळवंटात रेषा मारल्यात. एका रेषेचं एवढं काय घेऊन बसलात?"

"रेषा मारणारा माणूस मागे वळून बघत नाही," ते म्हणाले. "मला माहीत आहे, कारण मी कधी बघितलं नाही."

आता माझ्याकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी पाळी हमरियाची होती. आमच्या गटाचे प्रतिनिधी बाबलदादा, वेंगुर्ल्याचे, हमरियातच शिवणकामाचं दुकान. मी प्रतिनिधी का नव्हतो, तर माझं डोकं तापतं आणि बाबलदादांचं तापत नाही, म्हणून सगळ्यांनी त्यांना निवडलं. मी इब्राला एका शाळेच्या एसींचं काम घेऊन गेलो होतो, मुक्काम सालिमकडेच. परत आलो तर कळलं की गणपती अल हैलला बसणार. अल हैल गटाचे पाटणकर स्वतः बाबलदादांच्या दुकानात आले होते, पेढे घेऊन.

मी तसाच दुकानात गेलो. बाबलदादा मशीनवर वाकून कोणाची तरी पँट आखूड करत होते.

"दादा, गणपती दिलात?"

"दिलंय खंय रे? यंदाच्यापुरतो. आपल्या हॉलाक पार्किंग नाय, एसी पण मोडलेलो..."

"एसी मी दुरुस्त करतो! माझा धंदा काय आहे?"

"तू हंय होतंस खंय? आणि तापतंस कित्याक? मान आपलोच आसा. पयली आरती माझ्या हातान. अध्यक्षांनी स्वता सांगल्यानी, बाबलदादा, तुम्ही आणि वहिनी जोडीनं उभे रवा." दादांचा चेहरा फुलला होता. "हिना नवी पैठणी काढल्यान."

मला पुढचं सगळं दिसत होतं. मिठाची बाटली, किटली, नवा कोट. "आणि मत?" मी विचारलं. "दुप्पट मत कोणाकडे राहणार?"

बाबलदादांनी पाय मशीनच्या पॅडलवरून काढला. "तां कोणी काडूकच नाय," ते म्हणाले. आणि मग हळूच, "मी पण नाय."

पाटणकरांना फोन लावला. "अहो, असं काय करताय?" म्हणाले. "आपण सगळे एकच ना? मत वगैरे कुठे काढता सणासुदीला!"

आरती छान झाली. बाबलदादा आणि वहिनी जोडीने उभे राहिले. अल हैलच्या मुलांनी फोनवर बघून बघून आरती म्हटली, टाळ्या भलत्याच ठिकाणी वाजवल्या. प्रसाद झाला. आणि बैठकीत ठराव आला: हमरिया आणि अल हैल हे दोन गट वेगळे कशाला, दोन्ही मिळून एकच 'मस्कत गट' करू, कामाला सोपं. हमरिया आणि इब्रा विरुद्ध, अल हैल आणि सोहार बाजूने. दोन-दोन. पाटणकर म्हणाले, परंपरेप्रमाणे यजमान गटाचं मत दुप्पट. ठराव मंजूर.

मी उठलो आणि ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, खुर्ची आडवी झाली हे आठवतं. पाटणकरांनी दोन्ही हात वर केले. "बायका-मुलं आहेत. आवाज खाली." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ठरावाकडे कोणी बघितलं नाही. त्या दिवसापासून मंडळात चर्चा आहे ती माझ्या आवाजाची.

तिथून साहेबांचा बंगला जवळच. तसाच गेलो. साहेब स्वेटरमध्ये. मी सगळं सांगितलं, बंदरवाल्यांची आणि अल हैलवाल्यांची एकत्र उजळणी केली. मला वाटलं आता हे माझ्याबरोबर चिडतील. ते टेबलावरच्या मिठाच्या बाटलीकडे बघत राहिले. म्हणाले, "तुम्ही भाषण केलंत."

"मग काय आरती म्हणू?"

"भाषणाला उत्तर द्यावं लागत नाही. भाषणात पन्नास दारं असतात, मंत्री त्यातल्या एकातून निघून जातो. प्रश्न विचारायचा. एका वाक्यात. आवाज न चढवता. आणि मग खाली बसायचं. बसणं सर्वांत महत्त्वाचं. तुम्ही बसलात की सगळे उभा राहिलेल्या माणसाकडे बघतात."

त्या संध्याकाळी आम्ही वाक्य करायला बसलो. मी म्हणायचो, साहेब म्हणायचे, लांब झालं. मी पुन्हा म्हणायचो. "यात शिवी आहे." मी शिवी काढायचो. "यात अजून राग आहे." राग कसा काढायचा मला कळेना. स्वयंपाक्याने चहा दोनदा आणला आणि दोनदा गार झाला. शेवटी वाक्य झालं. साहेबांनी ते मला पाठ करायला लावलं, लहान मुलाला पाढे शिकवावेत तसं.

पण ते विचारायची संधी मिळाली नाही. नव्या 'मस्कत गटा'चे प्रतिनिधी आता पाटणकरच. बैठकीत बोलायला प्रतिनिधीचीच परवानगी लागते. मी दोनदा मागितली. "पुढच्या वेळी बघू, इन्शाल्ला," असं उत्तर आलं.

त्याच हिवाळ्यात साहेबांना फिरणं जमेनासं झालं. भाचीने तिकडे बोलावलं. विमानतळावर मी आणि सालिम होतो. साहेबांनी मिठाची बाटली सालिमच्या हातात दिली, बाकी तीन गावं स्वयंपाक्याला. मला म्हणाले, "आमच्या गावाचं काय चुकलं माहीत आहे? फसले ते ठीक. कोणीही फसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी विचारायला गेलं नाही. लाजले." मग चाकाच्या खुर्चीतून मागे वळून, गर्दीत, मोठ्याने, "हमरियाचे सन्माननीय सदस्य!" सगळे वळून बघायला लागले. नुसती हाक होती. पुढे काही नव्हतं. गट मोडून महिने झाले होते, पण त्यांनी 'माजी' म्हटलं नाही.

साहेब वारल्याचं सालिमने फोनवर सांगितलं. म्हणाला, भाचीचं घर त्या चार गावांपैकी कुठल्याच गावात नव्हतं.

त्या ठरावानंतर दोन गणपती झाले, दोन्ही हमरियाबाहेर, आणि आता हमरियाची पाळीच उरलेली नाही. पूर्वी आमच्या पाळीच्या वर्षी हमरियातली पोरं, ड्रायव्हर, हॉटेलातली माणसं, शिफ्ट सुटली की अंगावरच्या कपड्यांनिशी चालत यायची, दर्शन घ्यायची, भांडी घासायची, नाचायची. अल हैलला जायला गाडी लागते. त्यांच्याकडे नाही. यंदा माझ्या व्हॅनमधून जमले तेवढे नेले. उरलेले दाराशी उभे राहून व्हॅन जाताना बघत होते. बाबलदादांनी दुकानात त्या आरतीचा फोटो लावला होता. तो मागच्या महिन्यात त्यांनी स्वतः काढून टाकला.

स्मरणिकेत लिहायला प्रतिनिधीची परवानगी लागत नाही. पाटणकरांनी स्वतःच मागितलं आहे. साहेबांकडून पाठ केलेलं वाक्य असं:

हमरियाच्या पाळीच्या वर्षी गणपती अल हैलला हलवला, तेव्हा हमरियाचं दुप्पट मत अल हैलला कोणी दिलं?

प्रश्न विचारून झाला. मी खाली बसलो आहे. पाटणकर, उभे राहा आणि उत्तर द्या.